आठ प्रश्नांचा उन्हाळा

वकिलीच्या उमेदवारीतला तो माझा पहिला दिवस. जजसाहेब इजलासात आले, सगळे उठून उभे राहिले, आणि मी दोन्ही हातांनी 'बसा, बसा' अशी खूण केली. सोळा वर्षं मी शाळेत मास्तर होतो. मी असलेल्या खोलीत माणसं एकदम उठली की ती माझ्यासाठीच उठली, अशी माझ्या हातांची समजूत होती. चार-पाच पक्षकार बिचारे बसलेसुद्धा. जजसाहेबांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग बसलेल्यांकडे, आणि मग तेही बसले. "चलिए, इजाज़त मिल गई," असं ते पुटपुटल्याचं माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वकिलाने संध्याकाळपर्यंत ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात सगळीकडे सांगितलं.

ही गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगतो. मुलं हसतात, आता सुनाही हसतात. त्या उन्हाळ्यातली तेवढी एकच गोष्ट हसण्यासारखी आहे, म्हणून मी तीच सांगतो आणि तिथे थांबतो.

काल दुपारी लू आली, तो भाजून काढणारा वारा. आमच्या ग्वाल्हेरात ती 'सुरू' होत नाही, 'येते'. दाराची फट शोधत येते, खिडकीवरची तट्टी हाताने चाचपावी तशी चाचपते. आम्ही तट्टीवर पाणी मारलं, वाळ्याचा वास सुटला, आणि नातवंडं त्या ओल्या वाऱ्यापुढे लोळायला लागली. इतरांना या वासाने आजोळ आठवतं, आंबे आठवतात. मला मात्र वाळ्याच्या मागून हटकून जळक्या कापडाचा वास येतो. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो. बायकोने पाहिलं आणि काही विचारलं नाही. अकरा वर्षं झाली, ती विचारत नाही.

मास्तरकी मी सोडली ती रुसून. हेडमास्तरची जागा रिकामी झाली, ती मला मिळेल असं मला सोडून कुणालाच वाटत नव्हतं. दुसऱ्याला मिळाली. मी त्याच दिवशी राजीनामा लिहिला, सुंदर अक्षरात, समासाची जागा सोडून. मी गेल्यावर शाळा कशी चालते ते बघू, असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी घरी चहा पिताना शाळेची घंटा ऐकू आली. अगदी वेळेवर वाजली.

वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मग वकील व्हायचं ठरवलं. त्यासाठी वर्षभर जुन्या वकिलाच्या हाताखाली काम करायचं, परीक्षा द्यायची, पास झालात तर दरबारची सनद मिळायची, म्हणजे कोर्टात उभं राहण्याचा परवाना. त्या साली आमचा थोरला मॅट्रिकला होता. सकाळी आम्ही बापलेक एका सतरंजीवर समोरासमोर बसून पाठ करायचो. तो मला म्हणायचा, "बाबा, तुमचा आवाज कम करा ना, मला माझंच ऐकू येत नाही." बायकोचं म्हणणं एवढंच होतं, "वकील व्हा, खुशाल व्हा. घरात माझी साक्षीदारासारखी जिरह करू नका म्हणजे झालं."

मी ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली त्या अण्णासाहेबांचं ऑफिस गोरखी महालाजवळ होतं. सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे की समोरचा माणूस खोटं बोलण्याआधी श्वास घेतो तेवढाही त्यांना ऐकू यायचा. मी काळा कोट घालून भर ज्येष्ठात त्यांच्याकडे जायचो. लू लागू नये म्हणून बायको कोटाच्या खिशात कांदा ठेवायची. पहिल्या आठवड्यात अण्णासाहेब म्हणाले, "मास्तर, कायदा शिकाल न शिकाल, तुमच्या वासाने विरुद्ध पक्ष उठून जाईल." त्यांनी मला वर्षभर 'मास्तर'च म्हटलं. आजही कोर्टात मला मास्तरच म्हणतात.

तो उन्हाळा पहिल्या दिवसापासूनच बरा नव्हता. वैशाखातच विहिरींचे तळ दिसले. चिमण्या उडता उडता अंगणात पडायच्या आणि उठायच्या नाहीत. दुपारी बाराला बाड्यावरची दुकानं फळ्या लावायची, आणि त्या एवढ्या मोठ्या चौकात नुसती धूळ स्वतःभोवती फिरत राहायची. किल्ल्याचा डोंगर उन्हात हलल्यासारखा दिसायचा. रोज कुणाचं तरी नाव यायचं, अमक्याला लू लागली, तमका गेला. लोक हळू बोलायला लागले होते, जसं काही मोठ्याने बोललं तर वाऱ्याला पत्ता लागेल.

अशाच एका दुपारी टोपी बाजारात एका कापडवाल्याच्या गोदामाला आग लागली. आत रखवालदार झोपला होता, तो मेला. गल्ली अरुंद, वारा तापलेला, पाणी नाही. जळक्या कापडाचा वास तीन दिवस लष्करभर होता. आमच्या पोळ्यांनासुद्धा तो यायचा.

चौथ्या दिवशी गणपतला धरलं. गणपत एका सरदारांच्या पागेत खोगिरं शिवायचा. तिशीचा, दख्खनातून फौजेबरोबर आलेल्या घराण्यातला, कमी बोलणारा. आगीच्या आदल्या दिवशी त्याची त्या कापडवाल्याशी बाजारात हमरीतुमरी झाली होती, शंभर लोकांनी ती पाहिली होती. आगीच्या वेळी मात्र गल्लीत कुणीच नव्हतं, त्यामुळे गणपत तिथे नव्हता हे सांगणाराही कुणी नव्हता. एक काशीबाई सोडून.

काशीबाई गोरखीच्या रस्त्याला लिंबाखाली प्याऊवर बसायची. प्याऊ म्हणजे पाणपोई: चार रांजण, एक पितळी लोटा आणि उन्हाकडून वाळ्याची तट्टी. साठीची असेल. नवरा फौजेत होता, तो वारल्यापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी घालत होती. आग लागली तेव्हा गणपत तिच्यापाशी होता. ती कोर्टात नीट बोलली तर गणपत सुटणार होता, नाहीतर नाही. खटला एवढाच होता.

अण्णासाहेबांना त्या दिवसांत उन्हाने ताप भरला होता. पडल्या पडल्या मला म्हणाले, "मास्तर, त्या बाईकडे जा. ती काय सांगते ते ऐका आणि जसंच्या तसं लिहून आणा."

मी गेलो, वही उघडली आणि विचारलं, "काशीबाई, त्या दिवशी काय झालं?"

"आता काय सांगू मास्तर, माझी शेळी व्यायला झाली होती," काशीबाई म्हणाली. "माझा अर्धा जीव तिकडं. तेवढ्यात लू अशी आली की तट्टीचा वरचा सगळा बंद तुटला. मी एका हाताने तट्टी धरून उभी, नि हा गणपत पाणी प्यायला आला. म्हणाला, काशीबाई, सोडा, मी शिवतो. पिशवीतून दाभण काढलं, सुतळी काढली, बसला शिवत."

"किती वाजले होते?"

"सावली मोठ्या रांजणाच्या बुडाशी होती."

"म्हणजे किती वाजता?"

"म्हणजे सावली बुडाशी होती तेव्हा," ती म्हणाली, मीच जरा मंद असल्यासारखी. "मग टोपी बाजाराकडून धूर दिसला. मी म्हटलं, अरे, काय रे ते? तर ह्याच्या दातांत दाभण, दोन्ही हातांत तट्टी, बोलणार कसा? हुं हुं करून मानेनं दाखवायला लागला. मला हसूच आलं, मास्तर. मागून कळलं, तिथं माणूस मेला. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते."

हे मी लिहून घेतलं. घरी आलो, वाचलं, आणि निबंध तपासावा तसं तपासलं. शेळी: विषयांतर, काट. रांजणाची सावली: मोघम, काट, तिथे 'दुपारी दोन वाजता'. दाभण आणि हसू: मुद्द्याला धरून नाही. काट, काट. उरलं त्याचे मी आठ प्रश्न आणि आठ उत्तरं केली. वाचून माझं मलाच समाधान वाटलं.

शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आम्ही मास्तर लोक असंच करायचो. महिनाभर आधी प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, क्रम ठरलेला. ऐन वेळी पोरं अडखळली तर मी इन्स्पेक्टरांच्या पाठीमागे, नकाशाच्या कडेला उभा राहून नुसते ओठ हलवायचो. पोरं माझ्या ओठांवरून नद्या वाचायची. माझा वर्ग कधी नापास झाला नाही. सोळा वर्षांत जी एक गोष्ट मला खरोखर येत होती, ती मी काशीबाईवर वापरली.

रोज सकाळी दहा दिवस मी प्याऊवर बसलो. सांगायला लाज वाटते, पण ते दिवस मजेचे गेले. काशीबाई हुशार निघाली. उभ्या जन्मात तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, त्यामुळे ती अशी शिकली की काय सांगावं. लोटा ओतता ओतता उत्तरं म्हणायची. पाणी पिणारे ओंजळ तशीच ठेवून ऐकत राहायचे.

"प्रश्न पाचवा," मी म्हणायचो. "आग लागली तेव्हा आरोपी कुठे होता?"

"आग लागली तेव्हा आरोपी माझ्या समक्ष प्याऊवर हजर होता. मास्तर, समक्ष म्हणजे काय?"

"समोर."

"मग समोरच म्हणते की."

"नाही. समक्षच म्हणायचं."

"बरं, समक्ष. पण दाभणाचं कधी सांगायचं?"

"ते नाही सांगायचं."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "बरं."

अण्णासाहेबांना मी कागद वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. "बाई इतकं नीट बोलते?" त्यांनी विचारलं.

"बोलते," मी म्हणालो.

मी श्वास कसा घेतला ते त्यांनी ऐकलं असणार. पण अंगात ताप होता.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, आदल्या दिवशी मी गणपतला हवालातीत भेटलो. दगडी खोली, आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम. त्याने स्वतःचं काही विचारलं नाही. "काशीबाईंना सांभाळून घ्या, मास्तर," एवढंच म्हणाला. "कोर्टात बिचाऱ्या घाबरतील."

"घाबरणार नाहीत," मी म्हणालो. "तयारी अगदी पक्की आहे."

बाहेर आलो तर धुळीची आंधी उठली होती. सगळं आकाश विटेसारखं लाल झालं होतं. सूर्य दिसत होता, पण त्याच्याकडे सरळ बघता येत होतं, आणि तेच भीतीदायक होतं.

पेशीच्या दिवशी काशीबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. अण्णासाहेब तापातून उठून आले होते. त्यांनी आठ प्रश्न विचारले, तिने आठ उत्तरं दिली, खडाखडा, एक काना इकडचा तिकडे न करता. मी मनात प्रत्येकाला पैकीच्या पैकी देत होतो. अण्णासाहेबांचा चेहरा मात्र दर उत्तरागणिक उतरत होता. ते मला तेव्हा तापामुळे वाटलं.

मग सरकारी वकील उठले. लखनौकडचे, अतिशय गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, "माँजी, आग लगी तब मुलज़िम कहाँ था?"

काशीबाई गोंधळली. "तो पाचवा सवाल आहे, साहेब," ती म्हणाली. "आधी पहिला विचारा."

लोक हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. "माफ़ कीजिए, माँजी," ते म्हणाले. "ग़लती मेरी है। पहला कौन-सा है?"

तिने पहिला सांगितला आणि त्याचं उत्तरही सांगितलं. त्यांनी अदबीने दुसरा विचारला, मग तिसरा. असे आठही प्रश्न तिने स्वतःच म्हटले आणि आठही उत्तरं दिली. सगळा वर्ग गप्प होता. वर्ग म्हणालो, इजलास म्हणायचं होतं.

"माँजी, आपको घड़ी देखना आता है?"

हा प्रश्न आठांत नव्हता.

"तो बताइए, अभी कितने बजे हैं?"

घड्याळ तिच्या पाठीमागे भिंतीवर होतं. तिने तिकडे पाहिलंही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षं पोरं जशी बघायची तशीच, विश्वासाने. आणि माझे ओठ हलले. मी हलवले असं नाही म्हणणार, पण हलले.

"साडेअकरा," काशीबाई म्हणाली.

बरोबर होतं ते. जजसाहेबांची लेखणी थांबली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काशीबाईकडे, मग सावकाश माझ्याकडे. "मास्टर साहब," ते म्हणाले, "आप ज़रा बाहर तशरीफ़ ले जाइए।"

बाहेर व्हरांड्यात ऊन दाराशी येऊन थांबलं होतं. मी त्याच्यात उभा राहिलो.

निकालाला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी अण्णासाहेबांना सगळं सांगितलं: शेळी, सावली, दाभण, हसू. दाभणाशी आल्यावर ते उठून बसले.

"दाभण दातांत होतं म्हणून तो बोलला नाही?"

"हो."

"आणि बाईला हसू आलं. माणूस जळत असताना."

"हो. तिला त्याची लाज वाटते."

"अहो मास्तर, असलं खोटं कुणाला सुचेल का? हे आधी का नाही सांगितलंत?"

"मुद्द्याला धरून नव्हतं," मी म्हणालो.

ते पुन्हा उशीवर टेकले. मग म्हणाले, "आता मी बाईला पुन्हा उभी केली तर म्हणतील, घरी नेऊन नववा प्रश्न शिकवला. शिकवणाऱ्यानेच जाऊन कबूल केलं, तर कदाचित ऐकतील. कदाचितच. पण मग तुम्ही सनद विसरा. शाळा तर सोडलीतच."

"विचार करतो," मी म्हणालो.

मी विचार केला. फार सुंदर विचार केला, आठ दिवस. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊन सांगावं. मग लू यायची, दारं लागायची, आणि बंद घरात मला माझी चार मुलं दिसायची, मॅट्रिकचा थोरला दिसायचा, बायकोच्या हातची पन्ह्याची वाटी दिसायची. "काय होतंय तुम्हाला?" ती विचारायची. "लू लागली असेल," मी म्हणायचो. ती बिचारी खिशातला कांदा बदलायची. सहाव्या दिवसापासून मी प्याऊ चुकवून, टोपी बाजाराचा वळसा घालून ऑफिसात जायला लागलो. तिथे जळक्या गोदामाची काळी भिंत उभी होती. काशीबाईच्या नजरेपेक्षा मला ती बरी वाटली, यावरून काय ते समजा.

नवव्या दिवशी निकाल लागला. सिखाई हुई गवाही, शिकवलेली साक्ष, म्हणून काशीबाईचं सगळं बोलणं बाजूला ठेवलं होतं. गणपतला सात वर्षं सक्तमजुरी. नेताना माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याने बेड्यांसकट हात जोडले. मी त्याच्यासाठी मेहनत घेतली होती, हे त्याच्या कानावर आलं होतं.

अपील फेटाळलं गेलं. सात वर्षांनी गणपत परत आला तोवर सरदारांच्या पागेत घोडे जाऊन मोटारी आल्या होत्या. तो दख्खनात कुणा नातलगाकडे निघून गेला. मला सनद मिळाली. पहिल्या झटक्यात, चांगल्या मार्कांनी. आज माझ्याकडे साक्षीदार आला की मी त्याला शेळीपासून सुरुवात करू देतो. तास तास ऐकतो. तरुण वकील म्हणतात, मास्तरांचं ऑफिस म्हणजे धर्मशाळा आहे, कोणीही यावं आणि काहीही सांगावं. म्हणू देत. पण ऐकताना माझा हात अजूनही लेखणीकडे जातो, काट मारायला. तो हात मी मांडीखाली दाबून बसतो.

निकालाच्या दिवशी मात्र मी वळसा घातला नाही. भर दुपारी प्याऊवरून गेलो. काशीबाईला बातमी आधीच कळली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ती उभी होती, हातात लोटा होता, आणि तिने मला पाणी घातलं. मी ओंजळ धरली आणि प्यालो. तिने विचारलं, "मास्तर, माझं कुठं चुकलं का?"

"नाही, काशीबाई. तुमचं काही चुकलं नाही."

"आठही बरोबर होती?"

"आठही."

"मग?"

मी पुन्हा ओंजळ धरली. तिने पुन्हा पाणी घातलं. ते संपलं तशी मान खाली घालून निघालो.

घरी आलो, कोट काढला आणि दाराशीच बसून बायकोला सगळं सांगितलं. दाभणापासून ओंजळीपर्यंत, काही न काटता. आठ दिवसांत पहिल्यांदाच. ती तट्टीवर पाणी मारत होती. माझं संपल्यावर तिने तांब्या खाली ठेवला आणि ओले हात पदराला पुसले.

"अर्धंच सांगून आलात त्या बाईला," ती म्हणाली. "तुमचं चुकलं नाही म्हणालात. कुणाचं चुकलं ते नाही सांगितलंत. जेवून घ्या, आणि ऊन उतरलं की उरलेलं सांगून या."